सव्वीस एप्रिलचा सोमवार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या संस्थेच्या डेडस्टॉक रजिस्टरात एका पानावर ओळीनं तीन नोंदी आहेत. लोखंडी कपाट, १ नग. भिंतीवरचं घड्याळ, १ नग. आणि तिसरी, अँटिव्हायरस फ्लॉपी, १ नग. कपाट अजून उभं आहे. घड्याळ बंद पडलं आणि रीतसर निर्लेखित झालं. तिसऱ्या नोंदीची हकिकत आज सांगायची आहे. आपल्याकडच्या ऑफिसांनी संगणकासाठी अँटिव्हायरस कसा निवडला, याचा तो एका परीनं इतिहासच आहे.

मी लातूरच्या एका शिक्षणसंस्थेच्या मध्यवर्ती कार्यालयात तीस वर्षं नोकरी केली. संस्थेचं एक महाविद्यालय नांदेडला. त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड अशी एसटीची वारी ठरलेली. १९९२ साली टंकलेखक म्हणून लागलो. किल्लारीच्या भूकंपानंतरच्या वर्षी ऑफिसात पहिला संगणक आला. ज्याला टायपिंग येतं त्यालाच हे यंत्र येणार, असा सचिव साहेबांचा न्याय होता, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. त्यावर प्लॅस्टिकचं आवरण असायचं, खोलीत चपला काढून जावं लागायचं. उदबत्ती लावायची तेवढी राहिली होती.

‘व्हायरस’ हा शब्द त्याच सुमाराला आमच्या कानावर आला. आमच्या लेखापाल अण्णांचा असा समज होता की तो धुळीतून येतो, आणि चपला काढायच्या त्या त्यासाठीच. खरं म्हणजे तो फ्लॉपीतून यायचा. त्या काळात संगणक चालू करताना फ्लॉपी आत राहिली, की यंत्र आधी तीच वाचायला घ्यायचं. तिच्या पहिल्या भागात कुणी चोरटा प्रोग्राम लपवलेला असला, तर तो आधी स्मरणात जाऊन बसायचा आणि पुढं येणाऱ्या प्रत्येक फ्लॉपीवर आपली प्रत काढायचा. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ याच जातीचा. त्या भावांनी त्यात आपली नावं, पत्ता आणि फोन नंबरही घातले होते! १९९० मध्ये आपल्या देशात ‘जोशी’ नावाचा व्हायरस सापडला. दर पाच जानेवारीला तो संगणक अडवून ठेवायचा आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करा म्हणायचा. शुभेच्छा दिल्या की यंत्र पुन्हा चालू. आमच्या ऑफिसात एक जोशी लेखनिक होते. हे कळल्यापासून दर पाच जानेवारीला सगळे त्यांच्या टेबलापाशी जाऊन शुभेच्छा देत. त्यांचा वाढदिवस जूनमध्ये.

असं सगळं गमतीचं होतं, तोवर अँटिव्हायरस निवडायचा प्रश्नच नव्हता. १९९२ च्या मार्चमध्ये ‘मायकेलअँजेलो’ व्हायरसची जगभर आवई उठली. सहा मार्चला पन्नास लाखांपर्यंत संगणक बसतील, असे आकडे अमेरिकेत छापून आले. प्रत्यक्षात बसले काही हजार. पण त्या भीतीवर अँटिव्हायरसचा धंदा मात्र उभा राहिला. भीती मोठी दाखवायची आणि डबा विकायचा, ही या व्यवसायाची खोड तेव्हापासूनची आहे. आपल्याकडच्या हिशेबी माणसाला ती लगेच ओळखू येते. तोटा असा, की खरं संकट येतं तेव्हाही तो तसाच हसतो. मीही हसलो होतो.

१९९८ साल उजाडलं तेव्हा लातूरच्या ऑफिसात नऊ संगणक झाले होते. पगारपत्रकं, परीक्षेचे अर्ज, विद्यार्थ्यांच्या फिया आणि कर्मचाऱ्यांच्या सहकारी पतसंस्थेची खतावणी, सगळं त्यांच्यावर. हातानं लिहायची खतावणी आम्ही मोठ्या अभिमानानं त्याच वर्षी बंद केली होती. अँटिव्हायरस घ्यायचं ठरलं आणि खरेदी समितीनं नियमाप्रमाणे तीन दरपत्रकं मागवली. एक परदेशी कंपनीचं होतं, विक्रेता मुंबईचा. दुसरं पुण्याच्या ‘क्विक हील’चं, गावातल्याच एका विक्रेत्यानं आणलेलं. तिसरं ज्यानं आम्हाला संगणक जोडून दिले होते त्याचं, आणि त्यात किमतीच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘मोफत’. तुलनात्मक तक्ता मीच तयार केला. सर्वांत कमी दर कुणाचा, हे सांगायला तक्ता लागतच नव्हता. सगळ्यांच्या सह्या झाल्या. तळाला, ‘तपासले’ या शब्दापुढं माझी सही आहे.

मी काय तपासलं होतं? रोज सकाळी तो मोफतचा अँटिव्हायरस चालायचा, निळी पट्टी डावीकडून उजवीकडं सरकायची आणि शेवटी ‘व्हायरस आढळला नाही’ असं यायचं. त्यावर माझं समाधान. अँटिव्हायरस काम कसं करतो, हेच मला ठाऊक नव्हतं. पोलीस ठाण्यात सराईत गुन्हेगारांचं रजिस्टर असतं ना, फोटो आणि खाणाखुणांचं, तसं त्याचं असतं. सापडलेल्या प्रत्येक व्हायरसचा एखादा ओळखीचा तुकडा त्यात नोंदलेला असतो, आणि संगणकावरची प्रत्येक फाइल त्याच्याशी ताडून पाहिली जाते. रजिस्टरात नसलेला चोर समोरून चालत गेला तरी हवालदार त्याला रामराम घालणार. आमच्या मोफत प्रतीचं रजिस्टर १९९७ सालचं होतं. चोरून काढलेल्या प्रतीला नवी पानं कोण पाठवणार?

१९९८ च्या जूनमध्ये तैवानात एक नवा व्हायरस दिसला. तो लिहिला होता तैपेईच्या तातुंग संस्थेतल्या चेन इंग-हाऊ नावाच्या विद्यार्थ्यानं. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘सीआयएच’ म्हणतात. तो चिकटला तरी फाइलचा आकार वाढत नसे. फाइलीत आतल्या आत ज्या मोकळ्या जागा असतात त्यांत तो आपले तुकडे बसवायचा. भरलेल्या एसटीत सीटांच्या फटीत, टपाच्या शिडीवर, कुठं कुठं माणसं मावतात, तसं. विंडोज ९५ आणि ९८ वर तो बिनबोभाट पसरला. चोरीच्या सीडींतून तर पसरलाच, पण युरोपातल्या काही मासिकांनी वाचकांना भेट दिलेल्या सीडींतूनही गेला. आणि वाट पाहत राहिला एका तारखेची. ती तारीख चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेचीही निघाली, म्हणून लोक त्याला चेर्नोबिल व्हायरस म्हणू लागले.

२६ एप्रिल १९९९, सोमवार. सकाळी सव्वादहाला मी पहिला संगणक चालू केला. काळा पडदा. वायर हलवून पाहिली. दुसरा चालू केला. काळा पडदा. तोवर अण्णा आले आणि म्हणाले, लाइट कमी-जास्त झाली असेल रात्री. तिसऱ्याला सुरुवात झाल्यासारखं वाटलं आणि तोही थांबला. नवापैकी सात संगणक त्या दिवशी गेले. उरलेले दोन दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेले होते म्हणून वाचले. दुपारी नांदेडला ट्रंककॉलच्या सवयीनं मोठ्यानं ओरडत फोन केला. तिकडं मात्र सगळं ठीक होतं. नांदेडला आम्ही आमचा पहिला, जुना संगणक पाठवून दिला होता. त्याच्यावर डॉस होती, विंडोज नव्हतीच. नव्या यंत्रांसाठी नांदेडचे लोक दोन वर्षं भांडत होते. त्या दिवसापासून त्यांनी तो विषय काढला नाही.

सीआयएच दोन कामं करायचा. हार्ड डिस्कचा पहिला सुमारे एक एमबी भाग पुसून टाकायचा. डिस्कवर कोणती फाइल कुठं आहे याची यादी याच भागात असते. म्हणजे ग्रंथालयातली पुस्तकं जागेवर, पण कपाटांच्या चाव्या आणि नोंदवही जळालेली. दुसरं काम याहून वाईट. चालू होताना यंत्र ज्या चिपमधल्या सूचना वाचतं, ती चिपच काही मदरबोर्डांवर तो बिघडवायचा. मग यंत्र नुसता डबा. आमचे असे दोन डबे झाले. त्यांच्या चिपा काढून, कागदात गुंडाळून, मी रात्रीच्या गाडीनं सिकंदराबादला नेल्या आणि पुन्हा भरून आणल्या.

डिस्कांचं काय, तर त्यात नशिबाचा भाग निघाला. स्टीव्ह गिब्सन नावाच्या एका अमेरिकन प्रोग्रामरनं थोड्याच दिवसांत पुसलेली यादी परत मिळवणारा छोटा प्रोग्राम फुकट उपलब्ध करून दिला. गावातल्या त्या दुसऱ्या विक्रेत्याच्या मुलानं तो पुण्याहून फ्लॉपीवर मागवून घेतला. ज्याचं दरपत्रक आम्ही नाकारलं होतं, तोच हा विक्रेता. नव्या पद्धतीनं आखलेल्या मोठ्या डिस्कांवर यादीची दुसरी प्रत जरा लांब ठेवलेली असे. ती वाचली होती. असे चार संगणक उभे राहिले. जुन्या पद्धतीच्या डिस्कांवर दोन्ही प्रती सुरुवातीलाच, शेजारीशेजारी. त्या दोन्ही गेल्या. पतसंस्थेची खतावणी जुन्या डिस्कवर होती.

मार्चअखेरचा हिशेब नुकताच झाला होता, छापून काढायचा राहिला होता. कागदावर काय होतं? १९९८ च्या मार्चपर्यंतची वही. आणि नांदेडच्या डॉसच्या संगणकावर दिवाळीपर्यंतची एक प्रत, कारण मी एकदा बसमध्ये वेळ जावा म्हणून नव्हे, तर तिकडच्या लोकांची कर्जं तपासायला ती फ्लॉपीवर नेली होती. मधले पाच महिने हवेत. शिवाय वहीतले जुने आकडे संगणकात चढवताना दुरुस्त केले होते, ते कुठं आणि किती, हेही आता कुणाला सांगता येईना.

आमच्याकडं एक शिपाई होते. सगळे त्यांना मामा म्हणत. ३१ मेला ते निवृत्त होणार होते आणि त्याच महिन्यात त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं. पतसंस्थेतली ठेव आणि भाग मिळून जी रक्कम येणार होती, तिच्या भरवशावर त्यांनी मंडपवाल्याला शब्द दिला होता. सात मेच्या सुमाराला ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

‘‘सर, माझा आकडा निघंना म्हणत्यात.’’

मी त्यांना व्हायरस समजावून सांगू लागलो. तैवान, चिप, सव्वीस तारीख. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

‘‘म्हंजे पुसलं म्हणा की.’’

‘‘हो मामा, पुसलं.’’

दुसऱ्या दिवशी ते सायकलला बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा बांधून घेऊन आले. त्यात १९७४ पासूनच्या पगाराच्या चिठ्ठ्या होत्या. एकेका वर्षाची एकेक गड्डी, सुतळीनं बांधलेली. शाई उडालेली, कडा कुरतडलेल्या, पण महिन्यागणिक ‘पतसंस्था कपात’ हा रकाना वाचता येत होता. मी, अण्णा आणि मामा, आम्ही तीन संध्याकाळी बसून कॅल्क्युलेटरवर बेरजा केल्या. दिवाळीपर्यंतचा आकडा नांदेडच्या प्रतीशी रुपयानिशी जुळला. मामांना पैसे वेळेवर मिळाले.

सगळ्यांकडं असा डबा नव्हता. चौऱ्याऐंशी सभासदांचे हिशेब लावता लावता दिवाळी आली. ज्यांच्या चिठ्ठ्या अर्ध्या होत्या त्यांच्याशी बसून, शपथपत्र घेऊन, तडजोड केली. नांदेडच्या महाविद्यालयात झाडलोट करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्याकडं काहीच नव्हतं. दिवाळीनंतर त्यांनी थोडी रक्कम जादा भरली होती असं त्या सांगत, पावतीही दिली गेली होती असं म्हणत, पण ती सापडली नाही. समितीनं अंदाजानं एक आकडा धरला. त्यांनी अंगठा दिला आणि पैसे घेतले. तो आकडा कमी होता असं मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं. तुलनात्मक तक्त्यावर ‘मोफत’ लिहिलं होतं ते त्यांच्या खात्यातून गेलं.

तो चेन इंग-हाऊ पुढं सापडला. त्याचं म्हणणं असं छापून आलं, की अँटिव्हायरस कंपन्या आपल्या मालाची भलतीच बढाई मारतात, ती खोटी पाडायची म्हणून त्यानं हे केलं. तैवानात सुरुवातीला कुणी तक्रारच केली नाही, म्हणून लगेच खटलाही उभा राहिला नाही. बढाई मारणाऱ्या कंपन्यांचं त्या वर्षी काहीच वाईट झालं नाही, उलट खप वाढला.

जून १९९९ मध्ये पुन्हा खरेदी समिती बसली. या वेळी मी तक्त्यात चार रकाने जास्तीचे घातले. रजिस्टरची नवी पानं किती दिवसांनी येणार? कशी येणार? बंद पडलं तर कोण येणार, आणि किती वेळात? सचिव साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘‘हे दराच्या तक्त्यात बसतं का?’’ बसत नव्हतं. पण एप्रिल ताजा होता, म्हणून बसवून घेतलं.

परदेशी अँटिव्हायरस कदाचित सरस असेलही. पण त्याची नवी पानं इंटरनेटवरून घ्यायची होती, आणि आमच्याकडं तेव्हा इंटरनेट म्हणजे फोनची लाइन. ती रात्री बरी चाले, दिवसा चाललीच तर मध्येच तुटे आणि उतरवलेलं सगळं वाया. मुंबईहून माणूस यायचा म्हटलं की त्याचा येण्याजाण्याचा खर्च वेगळा. पुण्याच्या अँटिव्हायरसचं रजिस्टर दर महिन्याला फ्लॉपीवर येई. पुण्याहून रात्रीच्या बसनं पाकीट निघे, सकाळी विक्रेत्याचा मुलगा स्टँडवरून ते उचले आणि लुनावर बसून गावभर वाटत फिरे. आमची नांदेडची फ्लॉपी मी माझ्या शबनममध्ये घालून नेत असे. आम्ही त्या मुलाला निवडलं, असं म्हटलं तरी चालेल. अँटिव्हायरस त्याच्याबरोबर आला.

या ‘क्विक हील’ची गोष्ट आता पुष्कळांना माहीत आहे, तरी थोडक्यात सांगतो. कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. शिक्षण दहावीपर्यंत. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी, मग १९९० च्या सुमाराला स्वतःचं दुकान. दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसनं बाधलेले असत. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते, ते एकेका व्हायरसवर उतारा लिहून देत. त्या उताऱ्यांचं एकत्र गाठोडं बांधून १९९५ मध्ये डॉसवर चालणारा अँटिव्हायरस बाजारात आला. २००७ मध्ये कंपनीचं नावच क्विक हील झालं आणि २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात नोंदले गेले. मला या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यांची सुरुवात दुरुस्तीच्या टेबलावर झाली. जो व्हायरस इथल्या फ्लॉप्यांवर फिरतोय तो त्यांच्या हाती आधी लागायचा. परदेशातल्या प्रयोगशाळेत त्याचा नमुना पोचेपर्यंत इकडं दोन तालुके बाधलेले असत.

खरेदी झाली आणि नवाच पेच उभा राहिला. नोंद कुठं करायची? अण्णांच्या मते ही वस्तू, म्हणून डेडस्टॉकला. मी म्हटलं, अण्णा, ही दर वर्षी नव्यानं घ्यावी लागते, सादिलमध्ये टाका. अण्णा म्हणाले, शाईची दौत संपते तशी ही फ्लॉपी संपते का? नाही संपत. मग डेडस्टॉक. पुढच्या वर्षी नूतनीकरणाचं बिल आलं तेव्हा लेखापरीक्षकांनी हरकत काढली. एकदा विकत घेतलेल्या वस्तूसाठी पुन्हा तेवढेच पैसे का दिले? नवी वस्तू आली असेल तर दाखवा. दाखवण्यासारखं होतं एक नवं कागदी पाकीट आणि त्यातला आकड्यांचा क्रमांक. त्या हरकतीचं उत्तर मी तीन वर्षं लिहीत होतो. गावोगावच्या ऑफिसांत अँटिव्हायरसची मुदत संपून महिनोन्‌महिने जायचे, त्याचं एक कारण हेही होतं.

४ मे २००० ला ‘आय लव्ह यू’ नावाचा व्हायरस ईमेलमधून जगभर गेला. तो फिलिपिन्समधून निघाला होता, आणि तिथं अशा गुन्ह्याला कायदाच नसल्यानं लिहिणारा सुटला. आपल्याकडं त्याच वर्षी १७ ऑक्टोबरपासून माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात व्हायरस घालणं, त्याच्या कलम ४३ मध्ये आलं. आम्हाला मात्र त्या प्रेमपत्राची झळ लागली नाही. ईमेल उघडायची पाळी आमच्या ऑफिसात अजून आली नव्हती.

ती आली २००३ मध्ये. त्या ऑगस्टमध्ये ‘ब्लास्टर’ आला आणि पडद्यावर साठ सेकंदांचं उलटं घड्याळ दिसू लागलं. साठ संपले की संगणक आपोआप बंद. तोवर आम्ही समजत होतो की व्हायरस यायला फाइल उघडावी लागते. हा नुसता तार जोडली तरी आत यायचा, विंडोजमधल्या एका भोकातून. ते बुजवणारा तुकडा मायक्रोसॉफ्टनं महिनाभर आधी दिलेला होता. पण चोरीची विंडोज असेल तर लोक तो लावायला भीत. तेव्हा माझ्या तक्त्यात आणखी एक रकाना वाढला आणि तो विक्रेत्यासाठी नव्हता, आमच्यासाठीच होता. आपली विंडोज खरी आहे का?

पेन ड्राइव्हच्या वर्षांबद्दल न बोललेलंच बरं. २००५ ते २०१० या काळात नांदेडच्या एका प्राध्यापकाचा पेन ड्राइव्ह किती ठिकाणी जाई पाहा. घरी मुलाच्या संगणकावर, नेट कॅफेत, झेरॉक्सच्या दुकानात, विद्यापीठात, आणि शेवटी आमच्याकडं. एमएस-सीआयटीच्या लाटेनं तालुक्यातालुक्यांत संगणक पोचले होते आणि त्यांना जोडणारी तार म्हणजे हा पेन ड्राइव्ह. तो लावला की विंडोज त्यातला प्रोग्राम आपणहून चालवायची. फोल्डर गायब व्हायचे, त्यांच्या जागी त्यांच्याच नावाचे तोतये दिसायचे. त्यातच भारनियमन. रजिस्टर अर्धं उतरलं की लाइट जायची. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ही आपोआप चालवायची सोय बंद केली आणि निम्मी डोकेदुखी एका दिवसात गेली.

याच काळात एकदा अँटिव्हायरसनंच आम्हाला दणका दिला. कंपनीचं नाव घेत नाही. आमचं पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर लातूरच्याच एका मुलानं लिहून दिलेलं. एका सकाळी अँटिव्हायरसनं त्याला व्हायरस ठरवून उचलून बाजूला ठेवलं. महिन्याची अठ्ठावीस तारीख होती. तेव्हापासून मी निवडीत आणखी दोन गोष्टी पाहू लागलो. एक, महिनाभर तो दोनच संगणकांवर चालवून बघायचा, आमचे सगळे गावठी प्रोग्राम त्याच्यासमोर उभे करायचे. दुसरी, ‘एइकार’ची फाइल. ही अडुसष्ट अक्षरांची एक निरुपद्रवी फाइल आहे. व्हायरस समजून पकडायची, असं सगळ्या अँटिव्हायरसवाल्यांनी आपसात ठरवलेलं. विक्रेता समोर बसला की ती टाकायची. पकडली नाही तर चहा पाजून निरोप. अर्थात ती पकडली म्हणजे अँटिव्हायरस चांगला असं नाही, तो जागा आहे एवढंच कळतं. चांगला किती, हे पाहायला जर्मनीतल्या आणि ऑस्ट्रियातल्या चाचणी संस्थांचे तक्ते असतात. फुकटच्या अँटिव्हायरसबद्दल मला अजून विचारतात. त्यांतले बरेच घरापुरते फुकट असतात. ऑफिसात लावले तर परवान्याचा भंग, हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर २०१२ पासून विंडोजच्याच अंगात आहे. लहान ऑफिसला तो पुरतो, पण तो चालू आहे ना, हे बघणारं माणूस लागतंच.

१२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ आला. हा फाइली पुसत नसे, कुलपं लावून खंडणी मागे. त्याचंही भोक मार्चमध्येच बुजवून झालं होतं, ज्यांनी बुजवलं त्यांच्याकडं. नांदेडला मी दोन दिवस मुक्काम ठोकून होतो. एकही यंत्र गेलं नाही. आमच्या प्रती तेव्हा रोज संध्याकाळी बाहेरच्या डिस्कवर जात, आणि डिस्क तार काढून कपाटात. पुढं प्रकरणं मोठी होत गेली. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत चौऱ्याण्णव कोटी गेले, जानेवारी २०२१ मध्ये नांदेडमधल्या एका सहकारी बँकेचे चौदा कोटींहून जास्त. मार्च २०२१ मध्ये एमआयडीसीची संगणक यंत्रणा खंडणीखोरांनी बंद पाडली. आणि १९ जुलै २०२४ ला तर कोणताही व्हायरस नसताना जगातले सुमारे पंच्याऐंशी लाख संगणक निळे पडले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं पाठवलेलं नवं पानच चुकीचं होतं. हैदराबादच्या विमानतळावर त्या दिवशी हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले. तो फोटो पाहून मला मामांच्या चिठ्ठ्या आठवल्या.

मी २०२२ मध्ये निवृत्त झालो. पदभार देताना नियमाप्रमाणे डेडस्टॉक मोजून द्यावा लागतो. माझ्या जागी आलेली मुलगी हुशार, इंजिनिअर. रजिस्टर वाचत ती त्या पानाशी आली.

‘‘सर, अँटिव्हायरस फ्लॉपी, एक नग. ही निर्लेखित झालेली नाही. वस्तू दाखवा.’’

मी लोखंडी कपाटाच्या वरच्या खणातून पाकीट काढलं. तिनं फ्लॉपी उलटसुलट करून पाहिली, इतक्या जवळून ती पहिल्यांदाच पाहत होती. मग नोंदीपुढं ‘पाहिली’ असं लिहून तिनं सही केली.